हळदीतलं पीठ

दुपारी हळद लागली आणि दिवे लागायच्या आत चेतना गेली.

लग्न तिच्या चुलतबहिणीचं होतं, सावद्याला. तिचा नवरा लोकेश झोपे मांडवामागे भट्टीपाशी उभा होता. जळगावात त्याचं फरसाणचं दुकान होतं, त्यामुळे सासरच्या प्रत्येक लग्नात शेव पाडायचं काम त्याच्याकडे येई. कोणी सांगावं लागत नसे. तो सोऱ्यात पीठ भरत होता आणि मांडवातून बायकांचा गलका ऐकू येत होता. नवरीला लावून उरलेल्या हळदीनं एकमेकींना रंगवायचं, ही त्यांच्याकडची नेहमीची मस्ती.

"चेतनाला धरा गं! ती कोरडीच राहिली!" कोणीतरी ओरडलं. मग चेतनाचं हसणं ऐकू आलं. ते त्यानं ओळखलं.

थोड्या वेळानं मिहिका पळत आली. त्यांची एकुलती एक मुलगी, दुसरीत जाणारी.

"पप्पा, मम्मी बोलत नाहीये."

"चिडली असेल. सगळ्यांनी तोंड माखलं ना तिचं."

"नाही. तिचे ओठ मोठे झालेत."

सोऱ्या तसाच टाकून तो गेला. चेतना भिंतीला टेकून बसली होती. गालांवर, हनुवटीवर, ओठांवर हळद. हळदीखालून ओठ सुजले होते आणि मानेवर लाल गांधी उठल्या होत्या. बायका पदरानं वारा घालत होत्या. ऊन लागलंय, पाणी द्या, कांदा हुंगवा, असं चाललं होतं. चेतनानं लोकेशकडे पाहिलं आणि आपल्या गळ्याकडे बोट केलं. तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता.

तिच्या भावानं, हितेशनं, गाडी काढली. दवाखाना लांब नव्हता. तिथल्या तरुण डॉक्टरनं पहिला प्रश्न विचारला, "काय खाल्लं यांनी?"

"काही नाही," लोकेश म्हणाला. "ती बाहेरचं खातच नाही. स्वतःचा डबा आणते."

"डब्यात काय होतं?"

"भगर आणि दुधी."

डॉक्टर मान हलवत आत गेला. बाहेर आला तेव्हा त्यानं आधी हितेशकडे पाहिलं, मग लोकेशकडे. यांच्यातल्या कोणाला सांगायचं ते त्याला कळत नव्हतं. त्यानं तोंड उघडायच्या आधीच लोकेश खाली बसला.

नर्सनं एक पिशवी आणून दिली. तिच्यात चेतनाची मोरपंखी साडी होती. पदरावर आणि निऱ्यांवर हळदीचे पिवळे डाग होते, अजून ओले.

गावभर एकच बोललं जात होतं. काही न खाता बाई गेली.

*

तिनं काही खाल्लं नव्हतं हे खरं होतं. गेली तीन-चार वर्षं ती 'सखी'ला विचारल्याशिवाय काहीच खात नव्हती.

सखी म्हणजे दंडावर चिकटवायची एक पट्टी. टिकलीपेक्षा थोडी मोठी, कातडीच्या रंगाची. तिच्या खालच्या बाजूला केसाहून बारीक सुया असत. त्या टोचत नसत, कारण दुखणं जिथे कळतं तिथपर्यंत त्या पोचतच नसत. कातडीच्या पेशींच्या मधल्या फटींत जे पाणी असतं ते त्या चाखत. अंगाला खाज सुटण्याआधी शरीर त्या पाण्यात काही रसायनं सोडतं. हात खाजवायला जायच्या आधीच पट्टीला ते कळे. ताटाचा फोटो फोनवर काढायचा. मग पट्टी मेळ घालायची. हे खाल्लं, त्यानंतर हे उसळलं. दोनदा मेळ जमला की तो पदार्थ लाल व्हायचा, आणि पुढच्या वेळी तो ताटात दिसला की फोनमधून बाईचा गोड आवाज यायचा, "टाळा."

चेतनाला लहानपणापासून इसब होतं. कोपराच्या लवणीत, गुडघ्यांमागे, मानेवर. कातडी सुकायची, फाटायची, पाझरायची. उन्हाळ्यातही ती लांब बाह्यांचे ब्लाउज घालायची. लग्नाआधी मुलाकडच्यांनी तिचे हात पाहायला मागितले होते, एकदा नाही, अनेकदा. लोकेशनं मागितले नव्हते. म्हणून तिनं त्याला होकार दिला, असं ती हसत सांगायची.

सखी लावल्यावर काही महिन्यांत तिचे हात मऊ झाले. "लावून बघ ना हात," ती म्हणायची, आणि तो दुकानातून आल्या आल्या पिठाच्या हातानं तिचा दंड धरायचा. ती ओरडायची, "अरे, धुऊन तरी ये!" त्या वर्षी तिनं बिनबाह्यांचा ब्लाउज शिवला आणि मग मिहिकालाही पट्टी लावली. मिहिकाच्या कोपरांत तेच डाग दिसू लागले होते.

सगळीकडेच तसं चाललं होतं. शाळेत डबे उघडायच्या आधी मुलं पट्टीला दाखवायची. लग्नांमध्ये पंगतीच्या बाजूला सखीवाल्यांसाठी पांढऱ्या जेवणाचं वेगळं टेबल असायचं. लोकांची कातडी खरंच सुधारत होती, आणि यादी दर महिन्याला लांबत होती. चेतनाचं आधी वांगं गेलं, मग शेंगदाणे, मग बेसन. फरसाणवाल्याच्या बायकोला बेसन चालत नाही, यावर घरात बरीच थट्टा झाली.

एक गोष्ट मात्र कोणी सांगितली नव्हती. खाज घामानंही सुटते, साबणानंही, धुळीनंही, झोप न झाल्यानंही. पट्टीला यातलं काहीच दिसत नव्हतं. तिला फक्त ताट दिसायचं. त्यामुळे दर वेळी ताटच दोषी ठरायचं.

*

दिवसकार्य झाल्यावर तपासणीचा कागद आला. हरभऱ्याची तीव्र ॲलर्जी, असं त्यात लिहिलं होतं.

लोकेशनं तो सासूला वाचून दाखवला. कल्पनाबाई लेकीच्या मागे नातीसाठी जळगावला येऊन राहिल्या होत्या. त्यांनी एकदा ऐकलं, पुन्हा वाचायला सांगितलं.

"पण तिनं बेसन खाल्लं कुठे?"

"हळदीत काय काय घातलं होतं, आई?"

हळद त्यांनीच कालवली होती.

"हळद," त्या म्हणाल्या. "साय. तेल. आणि... आणि नेहमी घालतो ते."

त्या दिवसापासून घरात बेसन आलं नाही. बेसनाचा डबा त्यांनी स्वतः गावाबाहेर नेऊन टाकला. त्या हळदीबद्दल पुन्हा एक शब्द बोलल्या नाहीत, पण त्यांचं जेवण निम्म्यावर आलं.

लोकेशची भीती आपल्या हातांपासून सुरू झाली. नखांच्या कडांत, कोपरांच्या घड्यांत, केसांत, चपलांत पीठ. बाप आणि आजोबा त्याच पिठावर जगले होते. आता तो दुकानातच आंघोळ करायचा, कपडे तिथेच ठेवायचा, जिन्यात पुन्हा शर्ट बदलायचा. तरी घरात शिरल्यावर तो मिहिकाला जवळ घ्यायचा नाही. समोरच्या खुर्चीत बसायचा.

"पप्पा, तुम्ही लांब का बसता?"

"उकडतंय म्हणून."

"मला नाही उकडत."

तिच्या पट्टीवरही बेसन लाल होतं.

चेतना गेल्यापासून मिहिका संध्याकाळी रडायची. रडताना कोपरांत खाजवायची, रक्त येईपर्यंत. पट्टीला रडणं कळत नव्हतं. तिला खाज कळायची, आणि ती ताटाकडे बघायची. एका आठवड्यात गहू लाल झाला. मग दूध. मग तूर. राहिलं काय, तर भात, दुधी, भगर आणि केळी. पोरीचे गाल बसले. भांग पाडताना फणीत केस येऊ लागले. शाळेतल्या बाईंनी चिठ्ठी पाठवली की ती खेळाच्या तासाला नुसती बसून राहते.

लोकेशनं कंपनीला फोन लावला. तिथे माणूस नव्हता, तोच गोड आवाज होता.

"आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत," आवाज म्हणाला. "मिहिकाच्या आजच्या जेवणाला आपण किती तारे द्याल?"

त्यानं फोन भिंतीवर मारला. मग उचलला, पुसला, चालतोय का पाहिलं. तो नसता तर पोरीला संध्याकाळी काय द्यायचं ते त्याला कळलं नसतं.

साडीची पिशवी त्यानं गाठ मारून माळ्यावर ठेवली होती. मिहिकानं ती ठेवताना पाहिली होती.

"मम्मीची साडी द्या ना मला. अंगावर घ्यायला."

"देतो नंतर."

"मी धुऊन देते तिला," कल्पनाबाई म्हणाल्या. "वास तरी येईल पोरीला आईचा."

"त्या पिशवीला हात लावू नका!" तो इतक्या मोठ्यानं ओरडला की दोघीही दचकल्या. डाग आता सुकले असणार. साडी झटकली की पिवळी भुकटी उडणार. ती कुठे जाऊन बसेल, कोणाच्या श्वासात, कोणाच्या ओठांवर, कोण सांगणार? चेतना असती तर म्हणाली असती, किती घाबरतोस. पण चेतना घाबरली नव्हती, म्हणून तर तिनं हसत हसत तोंड पुढे केलं होतं.

*

सरकारी दवाखान्यातून त्याला बोलावणं आलं ते एका शनिवारी. डॉ. नसीमा तडवी ॲलर्जीचे पेशंट पाहायच्या. पन्नाशीच्या बाई, मूळच्या यावलकडच्या, बोलणं फटकळ. टेबलावर चहा होता.

"बसा. तुमच्या मिसेसची केस मी मागवून घेतली. अशा केसेस माझ्याकडे जमायला लागल्यात. हळद, उटणं, एका ठिकाणी तर नुसता तिळाच्या तेलाचा मसाज. सगळ्यांच्या दंडावर पट्टी."

"पण डॉक्टर, ती बेसन टाळत होती. कडक टाळत होती."

"तेच तर." त्यांनी चहाचा घोट घेतला. "लग्न झालं तेव्हा खात होत्या बेसन?"

"खायची की. माझ्याच हातची शेव. गरम गरम, झाऱ्यातून."

"काही व्हायचं?"

"खाज वाढायची कधी कधी. ती तर कशानंही वाढायची."

"श्वास नाही ना अडकायचा? ओठ नाही सुजायचे?"

"कधीच नाही."

"मग ऐका. अन्नाची आणि शरीराची ओळख दोन दारांनी होते. एक दार तोंडाचं. तिथून आलेलं अन्न आतड्यात जातं. आतडं रोज हजार गोष्टी बघतं, आणि शरीराला सांगतं की हा आपला आहे, याला काही करू नका. रोजच्या येण्याजाण्यानं ती ओळख टिकते. दुसरं दार कातडीचं. ते खरं तर दार नाहीच, भिंत आहे. पण इसब असलेल्या माणसाची ती भिंत फाटलेली असते. तिथून अन्न आत शिरलं की शरीराला वाटतं चोर आला. ते त्याच्याविरुद्ध हत्यारं बनवतं."

लोकेशनं आपले हात टेबलाखाली घेतले.

"तुमच्या मिसेसच्या अंगावर बेसन लहानपणापासून लागत होतं. उटण्यातून, डाळीच्या पिठातून. घरातल्या धुळीतूनही असेल, तुमचा धंदाच तो. हत्यारं बनतच होती. पण त्या रोज खातही होत्या, म्हणून आतडं ती म्यान करून ठेवत होतं. पट्टीनं काय केलं? तोंडाचं दार बंद केलं, आणि कातडीचं उघडंच ठेवलं. इतक्या वर्षांत ओळख पुसली गेली, हत्यारं राहिली."

"म्हणजे ती खात राहिली असती तर..."

"ते मी सांगू शकत नाही, आणि तुम्ही विचारू नका. काही माणसांना काही पदार्थ खरंच सोडावे लागतात. ते तपासून ठरवायचं असतं, खाजेवरून नाही." त्यांनी खण उघडून पेनासारखं एक इंजेक्शन काढलं. "तुमच्या मुलीला पट्टी आहे ना? हे आजपासून कायम जवळ ठेवा. ओठ सुजले, खोकला सुरू झाला, आवाज बसला, की मांडीत असं दाबायचं. कपड्यावरून चालतं. विचार करत बसायचं नाही. आता सांगा, तिच्या अंगाला काय लावता?"

"काही नाही. बेसन तर घरातच नाही आता. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, शनिवारी तिला न्हाऊ घालतात तेवढंच. मसुरीचं पीठ आणि साय लावून."

डॉक्टरांनी कप खाली ठेवला.

"मसुरीचं?"

"बेसन नको म्हणून त्यांनी बदललं."

"कोपरं फुटलेली आहेत तिची?"

"रक्त येतं."

"आणि डाळी खाणं बंद?"

"सगळ्या बंद."

"अहो, हरभरा आणि मसूर जवळचे नातेवाईक आहेत. शरीराला त्यांच्यातला फरक बऱ्याचदा कळत नाही. आज शनिवार आहे. फोन लावा घरी."

फोन वाजत राहिला. न्हाणीघरात पाण्याच्या आवाजात कल्पनाबाईंना तो कधीच ऐकू येत नसे.

गाडी कशी चालवली ते त्याला नंतर आठवलं नाही. एकच आठवत होतं. रस्ताभर त्याला चेतनाचं बोट दिसत होतं, गळ्याकडे केलेलं. जिना चढताना त्यानं शर्ट बदलला नाही, चप्पल काढली नाही.

न्हाणीघराचं दार उघडं होतं. मिहिका पाटावर बसली होती, दोन्ही हात सायीच्या पिठानं माखलेले. खांद्यापासून पाठीपर्यंत गांधी उठल्या होत्या, एकीत एक मिसळलेल्या. ती खोकत होती.

"आत्ताच लावलं, जावईबापू," कल्पनाबाई म्हणाल्या. "थोडं लाल झालंय बघा. पीठ जरा जाड दळलंय म्हणून असेल, चाळून..."

त्यानं बादली उचलून पोरीच्या अंगावर ओतली. मग पेन काढलं. ओल्या हातांनी टोपण निघेना. शेवटी दातानं काढलं.

"पप्पा," मिहिका म्हणाली. आवाज तिचा नव्हता, घोगरा होता.

त्यानं पेन तिच्या मांडीत दाबलं आणि धरून ठेवलं. ती किंचाळली. मोठ्यानं, लांबलचक किंचाळली. इतक्या मोठ्यानं ओरडायला श्वास लागतो, एवढंच त्याच्या मनात आलं. तो तिथेच ओल्या फरशीवर बसून तिचं ओरडणं ऐकत राहिला. कल्पनाबाई दारात उभ्या होत्या, हातात पिठाची वाटी तशीच. मग त्यांनी ती खाली ठेवली आणि आपले दोन्ही हात नळाखाली धरले. शेजारच्यांनी गाडी आणून पोरीला खाली नेलं, तरी वरून नळाचा आवाज येतच होता.

*

मिहिकाला रात्रभर दवाखान्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी हितेश आला तो सरळ व्हरांड्यातच भांडायला उभा राहिला.

"दाजी, मी कंपनीशी बोललोय. पुण्याजवळ त्यांचं केंद्र आहे. गाळलेली हवा, उकडलेलं जेवण, बाहेरचं काहीच आत येत नाही. मुलं ठेवून घेतात."

"किती दिवस?"

"लागतील तितके. तिथे सुरक्षित तरी राहील. आणि तुम्ही काय ठरवलंय म्हणे? आई सांगत होती. तिला बेसन खाऊ घालणार?"

"डॉक्टर म्हणतात, कणभर. त्यांच्यासमोर. मग हळूहळू वाढवत."

"ज्यानं माझी बहीण गेली ते?"

"हो."

"आणि काही झालं तर?"

काही होणार नाही, अशी खात्री डॉ. तडवींनीही दिली नव्हती. बहुतेक मुलांना जमतं, काहींना नाही जमत, त्रास सगळ्यांनाच थोडाफार होतो, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. कातडी बरी होईपर्यंत सुरुवातही करायची नव्हती.

"तुमचा धंदा बेसनाचा आहे म्हणून तर नाही ना हे?" हितेश म्हणाला.

लोकेशनं त्याच्या शर्टाला हात घातला असता. पण आतून मिहिकानं हाक मारली. ती उठून बसली होती, मांडीवर भाताची ताटली. शेजारी फोन होता आणि पडद्यावर भाताभोवती पिवळी कड दिसत होती. पिवळं म्हणजे पट्टीला संशय आहे. दुसऱ्यांदा मेळ जमला की लाल.

"पप्पा, भातपण लाल झाला तर मी काय खाऊ?"

तिनं रडत विचारलं नव्हतं. शाळेत उद्या कोणता तास आहे, तसं विचारलं होतं. दारात हितेश उभा होता. त्यानं ते ऐकलं. तो मान खाली घालून निघून गेला.

*

आधी कातडी. आंघोळीनंतर ओल्या अंगाला जाड मलम, दिवसातून दोनदा, आणि फुटलेल्या जागी डॉक्टरांनी दिलेलं औषध. पीठ नाही, साय नाही, तेल नाही, खाण्याचं काहीही अंगावर नाही. मलम कल्पनाबाई लावायच्या. कोरड्या, धुतलेल्या बोटांनी, काचेचं भांडं पुसावं तसं. गहू, दूध आणि तांदळाची डॉक्टरांनी नीट तपासणी केली. त्यांची ॲलर्जी नव्हतीच, होती ती हरभरा-मसुरीची. पण दुधालाही मिहिका घाबरायची, अर्धा कप संपवायला सकाळ जायची. पोळी, ताक, भाज्या, सगळं एकेक करून परत आणायचं, डॉक्टर सांगायच्या. आतड्यातल्या जंतूंनाही वेगवेगळं खाणं लागतं, आणि ते नीट असले की कातडीही शांत राहते. पावसाळा संपेपर्यंत कोपरं बुजली.

मग तो दिवस आला. वॉर्डात एक पलंग, उशाशी ऑक्सिजन, ट्रेमध्ये इंजेक्शनं भरून ठेवलेली. डॉ. तडवींनी कुस्करलेल्या केळ्यात भाजलेल्या पिठाचा एक कण मिसळला. इतका बारीक की लोकेशला दिसलासुद्धा नाही. आयुष्यभर त्यानं पोत्यांनी पीठ मळलं होतं, आणि या कणापासून तो दोन पावलं मागे उभा होता.

मिहिकानं सवयीनं चमचा फोनसमोर धरला. केळ्यात काय मिसळलंय ते डॉक्टरांनी नियमाप्रमाणे फोनमध्ये भरलं होतं.

"टाळा," गोड आवाज म्हणाला.

मिहिकानं तोंड मिटलं. बापाकडे पाहिलं.

"पट्टी काढा, झोपे," डॉक्टर म्हणाल्या. "मी मागेच सांगितलं होतं."

त्यांनी खरंच सांगितलं होतं, दर भेटीत सांगितलं होतं. तो दर वेळी हो म्हणायचा आणि ती तशीच राहायची. आता तो पुढे झाला. किती महिन्यांत त्यानं पोरीला उघड्या हातानं स्पर्श केला नव्हता, त्या न्हाणीघरातल्या दिवसाखेरीज. पट्टीची कड नखानं उचलली आणि हळूच ओढली. खाली गोल, पांढरट, कोवळी कातडी होती.

"दुखलं?"

"नाही. तुमचा हात थंड आहे."

"नको वाटत असेल तर नको," तो म्हणाला. आपण असं का म्हणालो ते त्यालाच कळलं नाही.

"हे सगळं खाल्लं की बरी होणार ना मी?"

"हळूहळू."

"मग मम्मीची साडी देणार?"

त्यानं मान डोलावली. तिनं तोंड उघडलं.

मग वाट पाहणं. डॉक्टर खुर्ची ओढून समोर बसल्या. मिहिका चित्र काढत होती. लोकेश तिचे ओठ बघत होता. तिनं जीभ फिरवली की तो पलंगाकडे झुकायचा. थोड्या वेळानं हनुवटीखाली एक गांध उठली. डॉक्टरांनी पाहिलं, पण त्या उठल्या नाहीत. त्याला वाटलं ट्रेमधलं इंजेक्शन आपणच उचलावं. गांध वाढली, तिथेच थांबली. मिहिका चित्रातल्या घराला दार काढत होती. तिनं ते रंगवून संपवलं तोवर गांध उतरली होती.

"आज एवढंच," डॉक्टर म्हणाल्या. "उद्या पुन्हा एवढंच."

लोकेश बाहेर व्हरांड्यात गेला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

*

त्याला आता दोन वर्षं होत आली. मध्ये दोनदा उलट्या झाल्या. एकदा पुन्हा पेन लावावं लागलं, आणि तेव्हा लोकेशनं ठरवलं होतं की पुरे झालं. दुसऱ्या दिवशी मिहिकाच चमचा घेऊन समोर उभी राहिली. आता ती शेवेच्या चार काड्या खाते, रोज, न चुकता, कारण चुकवायचं नसतं. खाल्ल्यावर खेळायला जात नाही, समोर बसून राहते. तो तिचे ओठ बघतो. ती वैतागते. "पप्पा, मी टीव्ही आहे का?"

तिचं वजन वाढलं. कोपरांत हिवाळ्यात अजून थोडं लाल होतं, मलमानं जातं. कल्पनाबाई सावद्याला परत गेल्या. तिकडे कोणाच्या लग्नात हळद कालवायला त्या बसत नाहीत. हितेश दिवाळीला येऊन गेला. लोकेशशी फार बोलला नाही, पण भाचीनं शेव खाल्ली तेव्हा शेजारी बसून राहिला, ती उठेपर्यंत.

सखी अजून विकली जाते. लोकेशच्या गल्लीतच पाच-सहा घरांत आहे. तो सांगतो, ते ऐकून घेतात, आणि मग त्याच्या बायकोचं कसं वाईट झालं यावर बोलतात.

दुकानातून तो अजूनही हात-पाय धुऊन, शर्ट बदलून घरी येतो. पण आता मिहिकाच्या शेजारी बसतो.

परवा तिनं पुन्हा विचारलं. डॉक्टरांनी मागेच सांगितलंय की आता हरकत नाही, साडी दोनदा गरम पाण्यात धुतली की तिच्यात काही राहणार नाही. लोकेशनं शिडी लावली, माळ्यावर चढला, पिशवी खाली काढली. गाठ सोडली नाही. पारदर्शक पिशवीतून मोरपंखी रंग दिसत होता, आणि त्यावर पिवळे डाग, बोटांच्या आकाराचे. कोणाची बोटं ते ओळखता येत नव्हतं. धुतलं की तेही जाणार.

"उद्या धुऊ," तो म्हणाला.

"तुम्ही मागच्या वेळीपण उद्याच म्हणाला होतात," मिहिका म्हणाली.

पिशवी आता माळ्यावर नाही, न्हाणीघराबाहेरच्या खुर्चीवर आहे. साडी अजून धुतलेली नाही.